आज वर कोण नाही

नानांनी पहिल्याच दिवशी मला 'मॅडम' म्हणायला नकार दिला.

"मॅडम म्हणलं की शाळेतल्या बाई डोळ्यापुढं येतात," ते म्हणाले, "आन् मंग मला हाताची घडी घालावी वाटते. मी सायेब म्हणतो. चालंल का?"

चालेल, म्हणाले मी. तेव्हा मी चोवीस वर्षांची होते आणि ती माझी पहिलीच नेमणूक होती. काहीही चाललं असतं. पुढची साडेतीन वर्षं ते मला सायेबच म्हणत राहिले. कार्यालयात नवीन आलेला माणूस ते ऐकून हटकून माझ्या मागे कोण उभं आहे ते बघायचा.

ते वीज कंपनीचं शाखा कार्यालय होतं, हिंगोली जिल्ह्यातल्या सेनगाव तालुक्यात, गोरेगावकडे जाताना लागणाऱ्या एका गावात. गावाचं नाव सांगत नाही. माझ्या ओळखीची माणसं अजून तिथे खांबावर चढतात. दोन खोल्या, मागे पत्र्याची शेड, शेडमध्ये जळालेल्या डीपी, म्हणजे ट्रान्सफॉर्मर, तारांची भेंडोळी आणि केबलचे रिकामे लाकडी ड्रम. सात वायरमन, त्यांच्यावर मी, माझ्यावर उपविभागाचे साहेब, आणि आमच्या सगळ्यांवर अठ्ठावीस गावं.

नाना त्या सातांत सगळ्यात जुने. बुटके, काटक, कान जरा मोठे. डाव्या हाताच्या करंगळीचं टोक नव्हतं. त्याबद्दल कोणी विचारलं तर "ते वर राह्यलं" एवढंच सांगून ते कामाला लागायचे.

बाकीचे सगळे मोटरसायकलवर फिरत. नाना सायकलवर. सायकल त्यांच्याएवढीच जुनी होती आणि तिला घंटी नव्हती. माणसाला बाजूला हो म्हणायला तोंड आहे, असं त्यांचं म्हणणं. मी एकदा विचारलं, "नाना, गाडी का घेत नाही? लोक अंधारात वाट बघतात."

"म्हणूनच न्हाई घेत," ते म्हणाले. "रागावलेल्या मानसाकडं गाडीवर गेलं का त्याचा राग आन् आपण एका टायमाला भेटतो. सायकलवर आपल्याला उशीर होते. तवर त्याचा निम्मा राग सरून जाते. उरलेला आपल्याला घाम आलेला पाहून जाते."

यात तथ्य होतं. नानांच्या अंगावर कोणी धावून गेल्याचं मी पाहिलं नाही. त्यांच्या उशिराबद्दलचे तीन लेखी अर्ज मात्र फाइलला होते.

'लाइट गेली' असं ते कधी म्हणायचे नाहीत. लाइट 'थांबली' म्हणायचे. गेली म्हटलं की माणूस घाबरतो, थांबली म्हटलं की तोही थांबतो. त्यांच्याकडे बटणांचा छोटा फोन होता. तो कधीही वाजला, जेवताना वाजला, अंघोळीला बसल्यावर वाजला, तरी ते उचलत. "कवा येईल?" असं पलीकडून विचारलं की "आल्यावर" म्हणत. हेच उत्तर मी दिलं असतं तर माझ्यावर चौथा अर्ज झाला असता.

आता त्या पत्राकडे येते.

माझं दुसरं वर्ष चालू होतं. वरून एक पत्र आलं. विषय असा होता: कर्मचाऱ्यांचा ताणतणाव कमी करण्यासाठी कार्यालयात सर्वांगीण स्वास्थ्य सत्रे आयोजित करणेबाबत. दर आठवड्याला एक सत्र, एक तासाचं. सोबत भरायचा तक्ता: अनुक्रमांक, नाव, सत्रापूर्वीचा ताण, सत्रानंतरचा ताण, शेरा. ताण एक ते दहा आकड्यांत लिहायचा. शिवाय जागा आणि वेळ दिसेल असा फोटो.

मी ते पत्र शेडमध्ये सगळ्यांना वाचून दाखवलं. नाना एकदम अस्वस्थ झाले.

"ताण कमी करा म्हणून कोणं लिव्हलं?"

"वरून आलंय, नाना."

"त्यायनं खांब पाह्यला का कवा?"

मग माझ्या लक्षात आलं. खांब झुकू नये म्हणून त्याच्या डोक्यापासून जमिनीपर्यंत तिरपी तार ओढून बांधतात; तिला आमच्याकडे ताण म्हणतात. नानांना वाटलं, ते ताण सैल करायचे आहेत. मी म्हणाले, हा मनाचा ताण. ते थोडे शांत झाले, पण पूर्ण नाहीत.

"तेबी एकदम ढिला करायचा न्हाई, सायेब. खांब लवंडते. बराबर पायजे, बस."

पहिल्या सत्राला नांदेडहून एक प्रशिक्षक बाई आल्या. चांगल्या होत्या. सतरंज्या, चटया आणि बॅटरीवर चालणारा स्पीकर घेऊन आल्या होत्या, आणि ते बरंच झालं, कारण त्या दिवशी कार्यालयाचीच लाइट थांबलेली होती. त्यांनी सगळ्यांचे मोबाइल आवाज बंद करून एका स्टीलच्या ताटात ठेवायला लावले. मग म्हणाल्या, डोळे मिटा, तुम्ही समुद्रकिनारी बसला आहात, लाटा येत आहेत, लाटा जात आहेत.

सातांपैकी समुद्र एकानेच पाहिला होता, आणि तिथे त्याची चप्पल वाहून गेली होती. बाकीचे सहाजण कुठे बसले होते ते मला सांगता येणार नाही. लाटांच्या मागे ते ताट सारखं थरथरत होतं. एक फोन थांबला की दुसरा. पाचव्या मिनिटाला ताट सरकत सरकत चटईच्या कडेला आलं. मी एक डोळा उघडला. नानांचे दोन्ही उघडे होते.

"बाई," ते अदबीनं म्हणाले, "समुद्र तसाच राहू द्या. पुसेगाव फिडर थांबून राह्यला. तिकडच्या सगळ्या गावायची लाइट."

तक्त्यात नानांनी सत्रापूर्वीचा ताण चार लिहिला आणि सत्रानंतरचा पाच. वाढला का, असं बाईंनी विचारलं. "बसलो तवर कंप्लेंटी साचल्या," ते म्हणाले. बाई हसल्या, आमच्यासोबत भाकरी-पिठलं खाल्लं आणि गेल्या. पुन्हा आल्या नाहीत. त्यांच्याकडे आमच्यासारखी बरीच कार्यालयं होती. फोटो मात्र दर आठवड्याला पाठवायचाच होता. म्हणून मी पुढच्या तक्त्यावर 'सत्र संचालक' म्हणून नानांचं नाव घातलं. कारण एकच: ते आठलाच येऊन शेडमधल्या ड्रमवर बसलेले असत, आणि फोटोत बसलेला माणूस लागतो.

नाना ते पत्र घरी घेऊन गेले. दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलासमोर उभे राहिले.

"यात आठवड्यातून एकदा म्हणलंय."

"हो."

"आपण खांबावर आठवड्यातून एकदाच चढून राह्यलो का?"

अशा रीतीने आमच्या शाखेत सत्र रोज सुरू झालं. साडेआठला, पंधरा मिनिटं. मांडी घालायची सक्ती नव्हती. ज्याला जो ड्रम सापडेल त्यावर तो बसे. आधी सगळे डोळे मिटायचे आणि नाना खांब म्हणायचे. उपकेंद्रापासून निघणारे पहिले दहा खांब. एका खांबाला एक श्वास.

"पयला. फाटकापाशी." बराच वेळ शांतता. "दुसरा. गिरणीच्या भिताडाला. तिसरा, वाकडा. चौथ्यावर होल्यानं काड्या आणून घर केलंय. पाचव्याच्या ताणाला म्हशी आंग घासतात..."

समुद्र एकानेच पाहिला होता, पण हे खांब सगळ्यांनी कवटाळलेले होते. सहाव्या-सातव्या खांबापर्यंत शेडमध्ये खरंच शांत व्हायचं. दहावा खांब आला की कोणाला डोळे उघडावेसे वाटत नसत. मी दारात उभी राहून फोटो काढायचे.

मग नाना म्हणायचे, "हात." सगळे दोन्ही हात पुढे करून बोटं फाकवायचे. नाना एकेकासमोर जाऊन ती बोटं पाहायचे, भाजी घेताना माणूस भेंडी पाहतो तशी. पाहता पाहता तीन गोष्टी विचारायचे. झोपला का. जेवला का. घरून निघताना कोणाला काय बोलून निघाला. उत्तर लांब द्यायचं नाही. शेवटी ड्रमवर परत येऊन बसायचे आणि सांगायचे, आज वर कोण नाही. एखादं नाव, कधी दोन. ज्याचं नाव आलं त्यानं त्या दिवशी खांबावर चढायचं नाही. शिडी धरायची, सामान द्यायचं, फोन घ्यायचे. का, ते बाकीच्यांनी विचारायचं नाही. त्यानंही सांगायचं नाही.

मी शेऱ्यात 'ध्यान व संवाद' असं लिहायचे.

सुरुवातीला हसणं झालं. भगवान नावाचा एक वायरमन होता, त्याने तर सलग चार दिवस बायकोशी भांडण झालं म्हणून सांगितलं आणि चार दिवस खाली सावलीत काढले. पाचव्या दिवशी नाना सायकल घेऊन त्याच्या घरी गेले. त्याच्या बायकोला भांडणाची काहीच कल्पना नव्हती. नाना गेल्यावर तिला आली. सहाव्या दिवशी भगवानचे हात पाहून नाना म्हणाले, "आता खरं हाय," आणि त्याला रीतसर खाली ठेवलं.

आमचा तक्ता वर जाऊन एका टेबलावर कोणीतरी खरोखर वाचला. तिथून मला फोन आला की जिल्ह्यात सगळीकडे सत्रानंतर ताण कमी होतो, तुमच्याच शाखेत काही लोकांचा वाढलेला कसा दिसतो? मी म्हणाले, आमच्याकडे खरं लिहितात. पुढच्या वेळी बघा, असं सांगून पलीकडून फोन ठेवला गेला.

हे सगळं नानांनी कुठून काढलं, ते मी त्यांना एकदाच विचारलं. आम्ही एका डीपीचं तेल तपासायला गेलो होतो आणि बांधावर बसलो होतो. त्यांनी आधी डबा उघडला, भाकरीचे दोन तुकडे केले, अर्धा माझ्याकडे सरकवला.

"मी आखाडा बाळापूरकडं व्हतो तवाची गोष्ट," ते म्हणाले. "माझ्या जोडीला एक मानूस व्हता. रोज सकाळी आमी दोघं एका टपरीवर चहा पेयाचो. एक दिवस तो म्हणला, मला नको. मी म्हणलं, असंल काही घरचं. आपल्याला काय करायचं."

ते भाकरी खात राहिले.

"लाइन बंद व्हती. बंदचं परमिट बराबर व्हतं. करंटचा काही संबंधच न्हाई. वर गेला, आन् मागं रेलला. बेल्ट कमरेला व्हता. हूक अडकवलाच नव्हता त्यानं."

"मग?"

"मंग काय. खाली मीच व्हतो." त्यांनी डबा झाकला. "मला चहावरून कळलं व्हतं, सायेब. एवढं इचारलं असतं, काहून नको म्हणून. तर बसून राह्यला असता धा मिनिटं."

त्यानंतर त्यांनी तेलाची पातळी सांगितली आणि मी ती लिहून घेतली.

हिवाळ्यातला तो दिवस मात्र मला तारखेसकट आठवतो. गव्हाला पाणी द्यायचे दिवस. सकाळी मुख्य लाइनवर एका खांबावरचा जोड तुटला आणि बारा गावं बंद पडली. दोन वायरमन रजेवर, भगवान धरून तिघं गोरेगावच्या अंगाला. कार्यालयात नाना आणि कैलास. नानांना रक्तदाबामुळे वर चढायला डॉक्टरांनी मनाई केली होती, तो कागद माझ्याच कपाटात होता. राहिला कैलास. पस्तिशीचा, शाखेतला सगळ्यात चांगला चढणारा. आणि त्या सकाळी नानांनी त्याचंच नाव घेतलं होतं. त्याची तीन वर्षांची पोरगी हिंगोलीच्या दवाखान्यात होती. दोन रात्री तिच्या उशाशी बसून तो तिकडूनच कामावर आला होता.

उपविभागाच्या साहेबांचा पहिला फोन आला तेव्हा मी म्हणाले, माणूस येतोय. दुसरा आला तेव्हा ते म्हणाले, मला वरून विचारतायत. तिसऱ्या फोनला त्यांनी थेट नाव घेतलं.

"कैलास आहे ना तिथे? त्याला चढवा. अर्ध्या तासात लाइन चालू पाहिजे. नाहीतर कारण मला लेखी द्या."

मी फोन ठेवला. नाना समोरच होते, त्यांनी ऐकलं होतं.

"भगवान निघालाय," ते म्हणाले. "दीड तास लागंल. थांबू."

"नाना, बारा गावं आहेत."

"दीड तासानं गहू वाळत न्हाई, सायेब. मी शेतकऱ्याचाच हाय."

बाहेर दहा-बारा माणसं जमली होती. माझा फोन पुन्हा वाजायला लागला. मी कैलासकडे पाहिलं आणि म्हणाले, "कैलास, जाशील ना?"

"जातो की," तो म्हणाला. तो नाही म्हणणारा नव्हताच.

"सायेब," नाना म्हणाले, "मी आज न्हाई म्हणलोय त्याला."

तेव्हा मी जे बोलले ते मला अजून जसंच्या तसं ऐकू येतं. मी म्हणाले, "नाना, सत्र सकाळी असतं. आता काम आहे."

नाना सायकल काढून आमच्या मागून आले. कैलास चढला. मी खाली परमिटचा कागद हातात धरून उभी होते. नाना खांबाच्या बुडाशी मान वर करून उभे राहिले आणि त्याने खाली पाय टेकेपर्यंत ती मान त्यांनी खाली केली नाही. वीस मिनिटांत जोड बसला. लाइन सुरू झाली. जमलेल्या लोकांनी कैलासला पाणी दिलं. साहेबांनी फोनवर मला शाबास म्हटलं. काहीही झालं नाही.

दुसऱ्या दिवशी साडेआठला ड्रम रिकामे होते. नाना शेडच्या कोपऱ्यात जुने नट-बोल्ट निवडत बसले होते.

"नाना, सत्र?"

"काल काही झालं न्हाई," ते म्हणाले. रागाने नाही, लाइनचा रिपोर्ट द्यावा तसं. "म्हंजे तुमचं बराबर निघालं. मंग माझं कशाला पायजे?"

हिशेब तसाच दिसत होता. तिसऱ्या दिवशीही तेच. वायरमन येत, सामान घेत, आपापल्या गाड्यांवर जात. कोण झोपला, कोण नाही, कोणी विचारत नव्हतं. त्या आठवड्यात मी मागच्या आठवड्याचाच एक वेगळा फोटो पाठवला. कोणाच्या लक्षात आलं नाही.

चौथ्या दिवशी कैलास माझ्या खोलीत आला. पोरीला घरी सोडलं होतं; त्याने पेढा आणला होता. पेढा देऊन झाल्यावरही तो उभाच राहिला.

"बस ना."

"न्हाई मॅडम. एक सांगायचं व्हतं." तो दाराकडे पाहत होता. "त्या दिवशी मी खांबावर चढलो ते आठवते. उतरलो ते आठवते. मधलं आठवत न्हाई."

"म्हणजे?"

"मी वर पोरीच्या सलाइनचे थेंब मोजून राह्यलो व्हतो. दवाखान्यात मोजायचो ना, तसेच. हात आपले आपले काम करून राह्यले व्हते. हूक अडकवला का न्हाई, ते मला सांगता येत न्हाई. चार दिवस झाले, रोज आठवून पाहतो."

"अडकवला असशील," मी म्हणाले. "सवयीनं."

"असंल," तो म्हणाला. आणि गेला.

पेढा माझ्या हातात तसाच होता. मी खिडकीतून पाहिलं, तो गाडी सुरू करत होता, मागे दोरी बांधत होता. मला त्या दिवशीचा खांब आठवायला लागला. मी खाली होते, वर पाहत होते, आणि हूक मीही पाहिला नव्हता. मी फोनकडे पाहत होते.

शेडमध्ये गेले. नाना नट एका डब्यात आणि बोल्ट दुसऱ्या डब्यात टाकत होते.

"नाना, त्या दिवशी हूक अडकवला होता का त्यानं?"

त्यांनी एक बोल्ट दोन बोटांत फिरवून पाहिला, आटे झिजले होते, तो बाजूला फेकला.

"व्हय," ते म्हणाले. "दोनदा राह्यला व्हता. तिसऱ्यांदा बसला."

मी तिथेच एका ड्रमवर बसले. म्हणाले, "नाना, माझं चुकलं."

"उद्या बसा मंग."

"कुठे?"

"हितंच. सगळ्यायसंगं. तुमी दारात उभ्या राहून फोटो काढता. वर जा म्हणणारा मानूस सगळ्यात आधी पाहाय पायजे, ते माझ्याच ध्यानात आलं न्हाई. माझीबी चूक हाय थोडी."

दुसऱ्या दिवशी साडेआठला मी बसले. दहा खांब झाले. "हात," नाना म्हणाले, आणि मी सगळ्यांसोबत हात पुढे केले. मला वाटत होतं की माझे हात स्थिर आहेत. ते स्थिर नव्हते. मी स्वतः पाहिले, भगवानने पाहिले, कैलासने पाहिले. कोणी हसलं नाही. नानांनी तीन प्रश्न विचारले. मी पहिल्याला नाही म्हणाले, दुसऱ्याला नाही म्हणाले, आणि तिसऱ्याला म्हणाले की घरून आईचा फोन आला होता, मी उचलला नाही.

नाना ड्रमवर जाऊन बसले. "आज वर सगळे," ते म्हणाले. "खाली एकट्या सायेब. फोन माझ्याकडं द्या."

दिवसभर माझा फोन त्यांनी घेतला. उपविभागाच्या साहेबांचा फोन आला तेव्हा मी शेजारीच बसून आईला लँडलाइनवरून फोन लावत होते. नाना साहेबांना सांगत होते, "सायेब आज वर न्हाईत, सायेब." पलीकडून मोठ्याने काहीतरी विचारलं गेलं. "वर म्हंजे कुठं? वर म्हंजे वर," नाना म्हणाले.

यावर माझ्याकडून खुलासा मागवण्यात आला. मी दोन पानी खुलासा दिला आणि त्यात त्या हिवाळ्यातल्या दिवसाबद्दल सगळं लिहिलं, माझं वाक्य आणि कैलासचं वाक्यसुद्धा. पुढच्या आठवड्यात साहेब स्वतः सत्र बघायला आले. सव्वाआठलाच. एका ड्रमवर रुमाल अंथरून बसले. नानांनी खांब म्हटले, हात म्हटलं, आणि एकेकाची बोटं पाहत पाहत साहेबांसमोर आले. साहेबांनी हात पुढे केलेले होते. बहुधा सगळ्यांनी केले म्हणून केले असतील. नाना तिथे बाकीच्यांपेक्षा जास्त वेळ थांबले.

"जेवला का?"

"मी?" साहेब म्हणाले. "नाही. सकाळी निघताना... काल रात्रीही तसं नाही."

नानांनी डबा आणून अर्धी भाकरी आणि मिरचीचा ठेचा त्यांच्या हातावर ठेवला. आम्ही आठजण पाहत असताना साहेबांनी ती सगळी खाल्ली. खुलाशाबद्दल ते काही बोलले नाहीत. गाडीत बसताना मला म्हणाले, "ठेचा तिखट होता." त्यानंतर त्यांचे फोन यायचे थांबले नाहीत, ते थांबणारही नव्हते. पण अमक्यालाच चढवा, असं त्यांनी पुन्हा कधी सांगितलं नाही.

नाना निवृत्त झाले त्यानंतरच्या उन्हाळ्यात माझी बदली झाली. जाण्याआधी मी त्यांना भेटायला पुसेगावकडच्या त्यांच्या गावी गेले. दुपारची वेळ होती. त्यांच्या पत्नी, काकू, ओसरीवर लसूण सोलत होत्या. आत पंख्याखाली, खाली टाकलेल्या वाकळेवर, नाना झोपलेले होते. तोंड थोडं उघडं. मी कधी त्यांना झोपलेलं पाहिलं नव्हतं.

"बसा बाई," काकू हळू आवाजात म्हणाल्या. "तीन महिने झाले, असेच झोपून राह्यले. जेवाय उठतात, लेकरायशी बोलतात, परत झोपतात. मी भिऊन दवाखान्यात नेलं. डाक्टर म्हणले, यायला काही झालं न्हाई, यायची झोप राह्यली व्हती."

मी म्हणाले, नानांमुळे आमच्या शाखेत सगळे शांत होते.

काकूंनी लसूण सोलायचा थांबवला. "शांत? हे? घरी लई तापट व्हते बाई. मीठ कमी पडलं का ताट ढकलायचे. फोन वाजला का मला गप म्हणायचे. पस्तीस वर्षं मी घरात हळू बोलले."

त्यांनी मला चहा दिला. मी चहा पीत नानांकडे बघत बसले. तेवढ्यात पंखा घरघरला आणि बंद पडला. शेजारच्या घरातून कोणीतरी ओरडलं, पोरांचा गलका झाला, गावभर एकदम आवाज उठला. माझा हात आपोआप पर्समधल्या फोनकडे गेला. पण कार्यभार मी सोपवला होता; तो फिडर आता माझा नव्हता.

आम्ही दोघींनी नानांकडे पाहिलं. त्यांच्या कपाळावर घाम यायला लागला होता. काकूंनी वहीचा पुठ्ठा घेतला आणि त्यांच्या तोंडावर वारा घालायला लागल्या. नाना कुशीवर वळले, हात गालाखाली घेतला आणि झोपूनच राहिले.

"उठवू का?" काकूंनी विचारलं.

"नको, नको."

मी उठले, कप दारापाशी ठेवला, चपला घातल्या. काकू वारा घालत घालतच दाराकडे वळून म्हणाल्या, "मंग उठल्यावर काय सांगू? एवढ्या उन्हाच्या सायेब काहून आल्या व्हत्या म्हणतील."

"सांगा," मी म्हणाले, "काही काम नव्हतं."